कडू पाणी कुठे सोडायचं

कोथिंबिरीची तिसरी पेरणीही उगवली नाही, तेव्हा तिनं वाफ्यात बोट खुपसून धणे उकरून काढले. सतरा दिवस झाले होते. दाणे होते तिथेच होते, नुसते फुगून मऊ पडलेले. एक चिमटीत धरून दाबला तर पिचकला आणि बोटाला कुबट वास राहिला.

"बी खराब असेल," बांधावर पाय पसरून बसलेली सासू म्हणाली.

"तीन वेळा तीन दुकानांतून आणलं, आई. तिन्ही दुकानदार एकदम बिघडले?"

"बिघडायला काय लागतं? तुझा सासरा एका दुपारीत बिघडला होता."

तिनं खुरपं उचलून वाफ्यात मारलं. ते ठण्ण वाजलं आणि मनगटात झिणझिण्या आल्या. मातीचं जणू दिवाळं निघालं होतं. आधी वर पांढरं दिसलं तेव्हा तिला दव वाटलं, मग वाटलं कुणी चुना सांडला असेल. आता रोज उन्हं वर आली की वाफ्यांच्या कडांना दुधावर धरावी तशी साय धरत होती. मुळे बोटाएवढे राहिले होते. कांद्याच्या पातीचे शेंडे जळाले होते. पालक तेवढा उभा होता. तो कशातही उभा राहतो, सासूसारखा, असं तिच्या मनात आलं. तोंडावर तिनं येऊ दिलं नाही.

घरामागचा हा तुकडा लांबीला चाळीस पावलं आणि रुंदीला पंचवीस. लग्न होऊन आली तेव्हा इथे दगड आणि काटे होते. बावीस वर्षं तिनं त्यात शेण, राख आणि स्वतःची कंबर घातली. गावात तिला भाजीवाली म्हणत. नवरा मोटारी आणि पंप दुरुस्त करणारा मिस्त्री, म्हणून काही जणी मिस्त्रीणही म्हणत, पण त्या हाकेला ती ओ देत नसे. पाना त्याच्या हातात, मग मी कशाची मिस्त्रीण, असं तिचं म्हणणं.

तुकड्याला काय झालंय, हे तिला महिनाभर आधीच कळलं होतं. तिनं पाणी जिभेवर घेतलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे पाइपाचं नाव घ्यायचं, आणि पाइपाचं नाव घेणं अवघड होतं.

चार महिन्यांपूर्वी गावात पाण्याचं मशीन आलं. त्याआधी सगळं गाव बोअरचं पाणी पीत होतं. बोअर दरवर्षी आणखी खोल जात होती आणि पाणी आणखी वाईट होत होतं. पोरांच्या दातांवर तपकिरी डाग, म्हाताऱ्यांचे गुडघे वाकडे. मग शहरातल्या कुठल्याशा मंडळींनी पैसा घातला, निळ्या पत्र्याची खोली उभी राहिली, आत चकाकणारी नळकांडी लागली आणि मिस्त्रीला ती चालवायचं काम मिळालं. जन्मभर दुसऱ्यांच्या विहिरींत उतरून अंगाला ग्रीस फासलेला माणूस खुर्चीवर बसला. मशीनमध्ये बोअरचं पाणी जाई. एक भांडं गोड निघे आणि दोन भांडी कडू. गोड लोक नेत. कडू कुठे सोडायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मिस्त्रीला वाया जाणारी गोष्ट बघवत नसे. घरात जुन्या वायसरांचे सात डबे होते. त्यानं गावभरातून पाइपाचे तुकडे जमवले, काळे, पांढरे, एक हिरवासुद्धा, आणि आठ दिवस खपून मशीनपासून तिच्या तुकड्यापर्यंत नव्वद पावलांची लाइन टाकली. विहिरीवरून हंडे वाहून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. "आता हंडा उचलायचा नाही," तो म्हणाला होता, तिच्याकडे न बघता, शेवटचा जोड आवळत. बावीस वर्षांत त्यानं असं काही दिलं नव्हतं. तिला रडू आलं होतं. पाइप बघून रडणारी बाई मीच, म्हणून मग हसूही आलं होतं.

आता त्या माणसाला सांगायचं काय?

*

त्या दिवशी खानावळवालीनं तिची पात परत केली. सहा वर्षं रोज दहा जुड्या घेणारी बाई. तिनं एक जुडी उलटी धरून झटकली.

"ही पात आहे की केरसुणी?"

"शेंडे कापून देते."

"शेंडे कापल्यावर राहील काय? बुडखे? पानात जळकं दिसलं की जेवणारे आधी मला बोलतात, मग तुझा उद्धार करतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस. चांगली निघाली की ये. जागा तुझीच आहे."

जागा तुझीच आहे म्हणताना तिनं दारातल्या दुसऱ्या बाईच्या टोपलीतून दहा जुड्या उचलल्या होत्या.

भाजीवाली घरी गेली नाही. पाटी तशीच डोक्यावर घेऊन मशीनच्या खोलीवर गेली. पंधरा-वीस जणांची रांग होती. मिस्त्री खुर्चीवर बसून मशीनच्या काट्याच्या तबकडीकडे बघत होता.

"जेवण आणलंस?"

"पात आणली." तिनं जुडी त्याच्या मांडीवर ठेवली. "परत आली."

त्यानं शेंडे चोळून पाहिले. "कीड असेल."

"कीड नाही."

"मग ऊन."

"ऊन मी तुमच्या आधीपासून बघतेय."

"मग काय?"

तिनं पाइपाकडे बघितलं. त्यानं तिची नजर पाहिली आणि हसला. "पाणी? अगं, मशीनचं पाणी आहे ते!"

"मशीननं टाकून दिलेलं आहे. त्यालासुद्धा नको झालेलं."

रांगेतले कान इकडे वळले. "घरी बोलू," तो दबक्या आवाजात म्हणाला.

तेवढ्यात शहराहून इंजिनियर आला. तरुण, गोरटेला, पाठीवर पिशवी. काहीही विचारलं की तो हातातल्या पाटीसारख्या स्क्रीनवर बोट फिरवून 'डॅशबोर्डवर सगळं ठीक आहे' म्हणे, म्हणून गाव त्याला डॅशबोर्डसाहेब म्हणत होतं. त्याला वाटायचं, हा मान आहे.

"साहेब, माझा तुकडा जळतोय," ती म्हणाली.

त्यानं बोट फिरवलं. "ताई, इथे तर सगळं हिरवं आहे."

"मग तिथलीच भाजी काढून विका."

रांग हसली. साहेबही हसला, कारण रांग हसली. मग तिच्या आग्रहाखातर त्यानं पेनासारखं एक यंत्र काढलं. गोड पाण्यात बुडवलं तर नव्वद आकडा आला. पाइपाच्या पाण्यात बुडवलं तर तीन हजार आठशे.

"हे जास्त की कमी?"

"हे अपेक्षित आहे."

"कुणाला?"

"म्हणजे, मशीन बरोबर चाललंय. आणि वाया काहीच जात नाही, शंभर टक्के पुनर्वापर. फाइलमध्ये आहे ना!" त्यानं स्क्रीन तिच्यापुढे धरली. त्यात तिची वाकलेली पाठ होती, मागे तिचाच पालक, चार महिन्यांपूर्वीचा, काळाभोर. खाली लिहिलं होतं, लाभार्थी महिला.

"हा फोटो कधी काढलात? मला विचारलं कुणी?"

"मिस्त्रींनी सही दिलीय की."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. मिस्त्री तबकडीत बघत होता. काटा जराही हललेला नव्हता.

साहेबानं मग मुद्द्याची गोष्ट सांगितली. चार दिवसांनी पैसा घालणारी मंडळी स्वतः बघायला येणार होती. त्यांना हे काम पसंत पडलं तर आणखी वीस गावांत अशीच मशीन बसणार. "तुकडा तेवढा हिरवा दिसला पाहिजे, मिस्त्री."

"दिसेल," मिस्त्री म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जुन्या चादरीचा बोळा केला आणि पाइपाच्या तोंडात कोंबला, वर दोरीनं करकचून बांधला. मग हात धुऊन भाकरी थापायला बसली. दोन भाकऱ्या झाल्या असतील, तोच तिकडून आरडाओरडा आला. पाणी मागे चढलं होतं, खोलीतला जोड सुटला होता, मिस्त्री नखशिखांत भिजला होता आणि मशीन बंद पडलं होतं.

दुपारपर्यंत गावाला गोड पाण्याचा थेंब मिळाला नाही. मग बायका तिच्या अंगणात आल्या, रिकाम्या कॅनसकट. सगळ्यात पुढे शिंप्याची बायको, जिच्या धाकट्या मुलीचे दात आता कुठे पांढरे उगवत होते.

"तुझ्या चार जुड्यांसाठी आमच्या लेकरांनी पुन्हा तेच कडू प्यायचं का गं?"

हे अगदी बरोबर होतं. "तसं नाही," ती म्हणाली.

"मग कसं?"

कसं, ते तिला माहीत नव्हतं. बायका गेल्यावर सासू आतून म्हणाली, "तहान मलाही लागलीय. पण घरची आहे, म्हणून गप्प आहे."

मिस्त्री सुटलेला जोड बसवून आला तो थेट पाइपाकडे गेला. बोळा काढला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पाइपाचं तोंड उचललं आणि बांधापलीकडे, रस्त्याकडेच्या नालीत नेऊन सोडलं.

तासाभरात शिंपी आला. नाली त्याच्या दुकानापुढे तुंबली होती आणि गिऱ्हाइकाचा नवाकोरा अंगरखा चिखलात पडला होता. मिस्त्रीनं पाइप उचलून गुरांच्या हौदाकडे नेला. दूधवाल्याच्या दोन गाईंनी तोंड घातलं, फुरफुरल्या आणि माना वर केल्या. दूधवाला काठी घेऊनच आला. मग पाइप गेला जुन्या विहिरीकडे. तिथे कपडे धुणाऱ्या बायकांनी मिस्त्रीच्या सात पिढ्या त्याच पाण्यात बुचकळून, आपटून, पिळून काढल्या. ती दारातून बघत होती. खांद्यावर काळ्या-पांढऱ्या-हिरव्या पाइपाचं वेटोळं घेऊन तिचा नवरा ऊन उतरेपर्यंत गावभर हिंडत होता. जणू मेलेला साप पुरायचा होता आणि कुणी जागा देत नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा त्यानं पाइप आणून पुन्हा तिच्या पहिल्या वाफ्यात ठेवला.

"सगळीकडे कुणी ना कुणी ओरडतंय," तो म्हणाला.

"आणि इथे?"

"इथे..." त्यानं चिखलाचे हात पुसले. "इथे आपलं घरचंच आहे ना."

ती आत गेली. सासूपुढे ताट ठेवलं, त्याच्यापुढे ठेवलं. स्वतः जेवली नाही. तसं करायचा तिचा स्वभाव नव्हता. जेवणावर राग काढणाऱ्या बायका तिला आवडत नसत. पण त्या दिवशी घास तोंडात घोळला आणि आत गेलाच नाही.

*

मंडळी यायच्या दिवशी सकाळी एक टेम्पो आला. त्यात काळ्या पिशव्यांमधली कोबीची, टोमॅटोची, झेंडूची रोपं होती, सगळी टवटवीत, रोपवाटिकेतून आणलेली. डॅशबोर्डसाहेबाच्या बुटांना आज चकाकी होती.

"ताई, ही चाळीस रोपं पटकन लावून घ्या."

"माझ्या तुकड्यात मी कोबी लावत नाही."

"आजच्यापुरती."

"आजच्यापुरता कोबी मला येत नाही लावता." ती मागच्या दाराच्या पायरीवर बसली. सासूही येऊन बसली. दोघी पहिल्यांदाच एका बाजूला बसल्या असतील.

साहेबानं मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीनं पहार उचलली. पहिला घाव उडाला, दुसरा उडाला. तिसऱ्याला हातभर खपली निघाली, वर पांढरी, खाली राखाडी, भाजलेल्या विटेसारखी. तो उकिडवा बसला. चार महिन्यांत तो तुकड्यात पाइपाचे जोड बघायला दहादा आला होता, पण जमिनीला हात लावला नव्हता. त्यानं खपलीवर बोट घासलं आणि जिभेला लावलं.

थुंकला. पुन्हा लावलं, जणू पहिल्यांदा जिभेची चूक झाली असेल. मग त्यानं पायरीकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

टेम्पोवाला घाई करत होता. मिस्त्रीनं पहार पुन्हा उचलली आणि एकामागून एक चाळीस खड्डे पाडले. रोपं लागली. कोबीची पानं उन्हात ऐटीत उभी राहिली. हा माणूस कळूनही खड्डे पाडत राहिला, याचा तिला संताप आला. त्याच्या घामेजल्या पाठीकडे बघून कीवही आली. दोन्ही एकदम झालं, आणि त्यानं ती आणखीच वैतागली.

मंडळी आली. तिघे जण. त्यांतल्या प्रमुख बाई पांढऱ्या टोपीच्या, बोलायला गोड. त्यांनी मशीन पाहिलं, गोड पाणी पिऊन पाहिलं, रांगेतल्या मुलीला दात दाखवायला सांगितलं. मग तुकड्याशी आल्या आणि वाकून कोबीला हात लावला.

"किती सुंदर! किती दिवसांची आहेत ही?"

"सकाळची," भाजीवाली म्हणाली.

बाईंना तो विनोद वाटला. साहेब सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. बाई मिस्त्रीकडे वळल्या. "आणि मशीनमधून वाया किती जातं?"

"शून्य," साहेब म्हणाला.

"एकाला दोन," मिस्त्री म्हणाला.

मिस्त्रीनं ती सकाळची खपली बांधाआडून काढून बाईंपुढे धरली. त्याला भाषण येत नव्हतं. "एक भांडं गोड निघतं, दोन कडू. ती दोन हिच्या जमिनीत जातात. मीच सोडलीत. बावीस वर्षांची जमीन होती. हे बघा, काय झालंय." खपली दोन्ही हातांत धरून तो उभा राहिला, ताट धरल्यासारखा.

बाईंनी ते नीट ऐकलं, हे कबूल करायला हवं. वहीत लिहूनही घेतलं. "हे फार महत्त्वाचं आहे. पुढच्या आराखड्यात नक्की घेऊ."

"पुढच्या म्हणजे?" भाजीवालीनं विचारलं.

"पुढच्या वीस गावांच्या."

"आणि हे गाव?"

"इथलं काम तर पूर्ण झालंय ना," बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या.

गाडीची धूळ बसायच्या आत टेम्पोवाल्यानं रोपं उपटायला सुरुवात केली. भाड्याची होती. चाळीसच्या चाळीस मोजून पिशव्यांत भरली. साहेब जाताना मिस्त्रीला म्हणाला, "माझं नाक कापलंत तुम्ही. पुढच्या महिन्यात दुसरा माणूस बघावा लागेल."

"बघा," मिस्त्री म्हणाला. "येईपर्यंत किल्ली माझ्याकडे आहे."

*

त्यानं करवत आणली आणि स्वतःच्या हातानं लावलेला पाइप खोलीच्या भिंतीपाशी कापला. पाइपाच्या हिरव्या तुकड्यापाशी जरा थांबला, मग तोही कापला. खोलीच्या बाहेर, गोड पाण्याच्या नळाशेजारी, जुन्या डब्यातला एक पितळी नळ बसवला.

"आता कडू पाणी जाणार कुठे?" सासूनं विचारलं.

"गोड जातं तिथेच. ज्याच्या त्याच्या घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेला नियम कळला. आधी दोन कॅन कडू भरायचं, मग एक गोड मिळेल. फरशी पुसा, भांडी घासा, संडासात टाका, पण घेऊन जा. असा गलका उठला की कावळे उडाले. गावच्या पाणी समितीचा अध्यक्ष येऊन, हे नियमात बसत नाही, म्हणाला. मिस्त्रीनं त्याला विचारलं, मग कशात बसतं ते सांगा, तिथे सोडतो. अध्यक्षानं दाही दिशांना बघितलं आणि त्याला काम आठवलं.

"मला दोन हात आहेत, तीन कॅन कसे नेऊ?" शिंप्याची बायको ओरडली.

"दोन खेपा करा, वहिनी."

"आणि नाही नेलं तर?"

"तर मग मशीन बंद. मला हे पाणी ठेवायला जागा नाही."

दोघे-तिघे शिव्या घालत रिकामे परतले. दूधवाला गेला आणि गाडा घेऊन आला. शिंप्याची बायको बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग तिनं कडूच्या नळाखाली कॅन आदळला, रांगेशेजारी उभ्या भाजीवालीकडे बघून म्हणाली, "भाजी करायची तू आणि ओझी वाहायची आम्ही," आणि पाणी भरू लागली.

"चार महिने मीच वाहिली," भाजीवाली म्हणाली. वाद तिथे मिटला नाही. तो वाद रोज सकाळी होणार, हे दोघींनाही कळलं होतं.

ती तुकड्यावर परतली. एवढ्यानं जमीन बरी होणार नव्हती. पांढरं खरवडून काढायचं, उघडं ठेवायचं आणि पावसाची वाट बघायची. एक पाऊस पुरणार नाही, तीन लागतील. तोवर पालक, आणि पालकावर सासूची टीका. तिनं फावड्यानं पहिल्या वाफ्याची साय खरवडायला घेतली. दुपारी मशीन थोडा वेळ बंद ठेवून मिस्त्री आला, न सांगता टोपली घेतली आणि भरू लागला. तिच्या उजव्या खांद्याकडे बघून त्यानं फावडंही घ्यायला हात पुढे केला. तिनं दिलं नाही.

"तुम्हाला खोलवर जायची सवय. वरचंच काढायचंय."

टोपली भरली. त्यानं ती डोक्यावर घेतली आणि उभा राहिला.

"कुठे टाकू?"

तिनं कंबर सरळ करून चौफेर बघितलं. एका बाजूला शिंप्याची नाली, एका बाजूला दूधवाल्याचा हौद. पलीकडे विहीर. चौथ्या बाजूला घर.

"खोलीच्या दारात," ती म्हणाली. "रांग उभी राहते तिथे."

तो टोपली सावरत निघाला. पाइप नव्हता, तरी चालला पाइपाच्या रेषेवरूनच. नव्वद पावलांवरून तिला गलका ऐकू आला, मग शिंप्याचा आवाज, "मिस्त्री, हे काय आणून ओतलं दारात?"

मिस्त्रीनं काय उत्तर दिलं, ते तिला ऐकू आलं नाही. ती पुन्हा वाकली. दुसरी टोपली भरत आली होती, आणि हा पहिलाच वाफा होता.